परीक्षा कोणासाठीं?

शाळेंत मुलाची परीक्षा घेणें ही गोष्ट आपणां सर्वांच्या इतकी परिचयाची झाली आहे कीं, तींत कांहीं नीतीचा प्रश्न असेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. मूल शाळेंत जातें, वर्षाच्या शेवटीं त्याची परीक्षा होते, गुणपत्रक घरीं येतें, आणि बाप तें पेटींत ठेवून देतो. परंतु ज्यानें परीक्षा घेतली, आणि या मुलास अमुक येत नाहीं हें ज्याला त्या परीक्षेनें कळलें, त्याच्या माथीं त्या कळण्यामुळें कांहीं ऋण चढतें कीं नाहीं? हा प्रश्न मला पुष्कळ वर्षें टोंचीत आला आहे. त्याचें कारण एक मुलगा आहे. म्हणून त्याचीच हकीकत आधीं सांगतों.

मी त्या वेळीं एका खेड्यांतील प्राथमिक शाळेंत शिक्षक होतों, व संध्याकाळीं मंडळींतील मुलांचा वर्गही घेत असें. चौथ्या इयत्तेंत एक मुलगा होता. सकाळीं शेळ्या सोडून मग शाळेंत येई. वाचावयास उभा केला कीं पुस्तक दोन्ही हातांनीं धरून खणखणीत आवाजांत तो धडा म्हणे. अडखळणें नाहीं, चूक नाहीं. कापणीच्या सणाच्या उपासनेंत शास्त्रपाठ वाचण्याचें काम मीं मोठ्या अभिमानानें त्यालाच दिलें. वाचन चाललें असतां दारांतून वारा आला, पान उलटलें, आणि मुलगा वाचीतच राहिला. त्याचें बोट नव्या पानावर फिरत होतें, तोंडांत मात्र मागच्या पानावरचे शब्द होते. माझ्याखेरीज तें कोणाच्याही लक्षांत आलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मीं त्याला एकट्यालाच बसवून फळ्यावर सुटे शब्द लिहिले. 'बदक' त्यानें वाचलें, 'गवत' वाचलें. 'किडा' लिहिल्याबरोबर तो गप्प झाला आणि माझ्या तोंडाकडे पाहूं लागला. सगळा उलगडा झाला. थोरली बहीण घरीं धडा वाचून दाखवी. तो एकदोन वेळां ऐके, आणि त्याला तो शब्दन् शब्द पाठ होई.

आतां कसोटी त्याची नव्हती, माझी होती. पुढील महिन्यांत तपासणीसाठीं साहेब येणार होते. त्या मुलाच्या प्रगतिपुस्तकांत 'वाचन उत्तम' असें माझ्याच हातचें अक्षर होतें. मीं मनाशीं म्हटलें, तपासणी होऊन जाऊं द्यावी, मग त्याला वेळ देतां येईल. साहेब आले, मुलगा उभा राहिला, खणखणीत वाचून गेला, साहेबांनीं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग मीं म्हटलें, वार्षिक परीक्षा होऊं द्यावी. ती झाली, आणि मुलगा पांचवींत चढला. त्याला वाचतां येत नाहीं हें त्या गांवांत जाणणारे तिघेजण होते: तो स्वतः, त्याची बहीण आणि मी. त्यांपैकीं शिकविण्याचा पगार मला मिळत होता.

ही गोष्ट मीं पुष्कळ शिक्षकांस सांगितली आहे. ऐकून कोणीही नवल केलें नाहीं.

परीक्षा दोन प्रकारची असते. खळ्यावर धान्य मापणें ही एक परीक्षा. तिनें पीक किती आलें हें कळतें. परंतु त्या वेळीं पिकासाठीं करण्यासारखें कांहीं उरलेलें नसतें. दुसरी परीक्षा उभ्या पिकांतली. शेतकरी सरींत शिरतो, पान उलटून पाहतो, कीड पानावर आहे कीं मुळाशीं आहे हें ठरवितो, आणि त्याप्रमाणें उपाय योजतो. आपल्या शाळांतून पहिल्या प्रकारची परीक्षा पुष्कळ आहे. दुसरीला शिक्षणशास्त्रांत निदानात्मक चाचणी असें नांव आहे. निदान हा शब्द वैद्यकांतला आहे, आणि वैद्यकांत निदान उपचाराच्या आधीं येतें, उपचाराच्या ऐवजीं येत नाहीं. नाडी पाहून, रोग ओळखून, त्याची नोंद वहींत करून वैद्य उठून चालूं लागला, तर रोग्याचे नातलग त्याला दारांत अडवितील. शाळेंत मात्र हें नित्य घडतें आणि कोणी कोणास अडवीत नाहीं.

या दुसऱ्या परीक्षेचें एक अगदीं साधें रूप आपल्याच देशांत गेल्या वीस वर्षांत रूढ झालें आहे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील मुलांसाठीं काम करूं लागलेल्या 'प्रथम' या संस्थेनें २००५ सालापासून 'असर' या नांवाची पाहणी सुरू केली. तींत प्रत्येक ग्रामीण जिल्ह्यांतून तीस गांवें घेतात, दर गांवीं वीस घरीं जातात, आणि मुलाला त्याच्या घरींच, त्याच्याशेजारीं बसून, एक कागद वाचावयास देतात. त्या कागदावर कांहीं सुटीं अक्षरें असतात, कांहीं सोपे शब्द असतात, पहिल्या इयत्तेच्या पातळीचा चार वाक्यांचा उतारा असतो, आणि दुसरीच्या पातळीची एक लहान गोष्ट असते. आधीं उतारा पुढें करतात. तो मुलानें नीट वाचला तर गोष्ट देतात. तो जमला नाहीं तर शब्दांकडे उतरतात. पांचांपैकीं चार शब्द यावे लागतात. तेंही न जमल्यास अक्षरें विचारतात. पेन्सिल नाहीं, गुण नाहींत, पास नाहीं, नापास नाहीं. कांहीं मिनिटांत एवढेंच कळतें कीं हें मूल वाचनाच्या कोणत्या पायरीवर उभें आहे.

त्या पाहणीचे आंकडे आपण ऐकले असतील. तिसऱ्या इयत्तेंतील ज्या मुलांना दुसरीची ती गोष्ट वाचतां आली त्यांचें प्रमाण ग्रामीण भारतांत २०१८ सालीं शेंकडा २७.३ होतें, कोरोनाच्या सांथींत शाळा बंद राहिल्यानंतर २०२२ सालीं तें शेंकडा २०.५ वर उतरलें, आणि २०२४ सालीं पुनः शेंकडा २७.१ झालें. पांचव्या इयत्तेंत २०२४ सालीं तें ४८.८ होतें, म्हणजे पांचवींतल्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीची गोष्ट वाचतां आली नाहीं. हे आंकडे वर्तमानपत्रांत छापून येतात, सभांतून वाचले जातात, आणि मंडळी हळहळून घरीं जाते. मला त्या आंकड्यांपेक्षां त्या कागदाची किंमत अधिक वाटते. आंकडे देशाविषयीं बोलतात. तो कागद शिक्षकाच्या हातीं आला तर एका मुलाविषयीं बोलतो.

कारण 'वाचतां येत नाहीं' असें म्हणणें हें 'ताप आहे' असें म्हणण्यासारखें आहे. ताप कशाचा? माझ्या अनुभवांतलीं कांहीं मुलें येथें मांडतों.

पहिल्या मुलास अक्षरें येतात, चिन्हें येत नाहींत. आपल्या बाळबोध लिपीची आपणांस इतकी सवय झालेली असते कीं तिच्यांतल्या अडचणी आपल्याला दिसेनाशा झाल्या आहेत. 'कि' म्हणतांना आधीं 'क' येतो आणि मागून इकार. कागदावर मात्र वेलांटी आधीं उभी आणि 'क' तिच्या मागें. मूल डावीकडून उजवीकडे वाचावयास शिकलेलें असतें. त्याच्या वाटेंत हा खांब आडवा येतो. 'र' तर बहुरूपीच आहे. 'राम' यांत तो सरळ उभा, 'सूर्य' यांत डोक्यावर चढलेला, 'प्रकाश' यांत पायाशीं तिरका, 'राष्ट्र' यांत खालीं टोपीसारखा. त्याशिवाय 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' या जोड्या आहेतच. अशा मुलास धड्यामागून धडा वाचावयास लावणें निरर्थक आहे. त्याला आठपंधरा दिवस केवळ वेलांटीचे शब्द पाहिजेत, मग उकाराचे, मग जोडाक्षरांचे. आणि तें कळण्यासाठीं तो कोणत्या चिन्हाशीं थांबतो हें आधीं ऐकलें पाहिजे.

दुसरा मुलगा सर्व चिन्हें ओळखतो, परंतु एकेक अक्षर जोडीत असा रेंगाळत जातो कीं वाक्याच्या शेवटीं पोंचेपर्यंत सुरुवात त्याच्या मनांतून निघून गेलेली असते. त्याला पुनः मुळाक्षरांना बसविणें हा त्याचा अपमान आहे आणि वेळाचा अपव्ययही. त्याला सोपीं, गोड, त्याच्या आवांक्यांतलीं पुस्तकें पुष्कळ पाहिजेत, आणि तींच तींच पुनः पुनः वाचावयास मिळालीं पाहिजेत. येथें एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. अलीकडे मिनिटाला किती शब्द वाचले हें घड्याळ लावून मोजण्याची चाल पडली आहे. त्यांत कांहीं अर्थ आहे, कारण फार संथ वाचणाऱ्याला अर्थ सांपडत नाहीं; परंतु घड्याळाच्या भयानें मूल शब्द गिळीत धांवूं लागलें, तर आपण एक रोग घालवून दुसरा लावला असें होईल.

तिसरें मूल वाचतें, झरझर वाचतें, आणि त्याला कांहींच समजत नाहीं. आपल्यापैकीं ज्या बंधूंचीं ठाणीं मेळघाटांत, सातपुड्यांत किंवा गडचिरोलीकडे आहेत त्यांना हें मूल चांगलें ठाऊक असेल. कोरकू ही भाषा मराठीच्या कुळांतलीही नव्हे, ती मुंडा कुळांतली आहे. माडिया व गोंडी द्राविड कुळांतल्या आहेत. अशा घरचें मूल मराठीचीं अक्षरें शिकतें म्हणजे परक्या घराच्या किल्ल्या वाजवावयास शिकतें. आंत काय आहे हें त्याला कोणी दाखविलेलें नसतें. त्याच्यासाठीं उपाय अक्षरांचा नव्हे, बोलण्याचा आहे. त्याच्या भाषेंतून गोष्ट सांगावी, मग मराठींतून सांगावी, मग वाचावी. रथांत बसून मोठ्यानें वाचीत चाललेल्या त्या कूशी अधिकाऱ्याजवळ फिलिप्प धांवत गेला, तेव्हां त्याचे उच्चार शुद्ध आहेत कीं नाहींत याची त्यानें चौकशी केली नाहीं. त्यानें समजण्याविषयीं विचारलें. आपण मंडळींत मुलांकडून वचनें म्हणवून घेतों तेव्हां हें विसरतों.

आणखीही मुलें आहेत. एकाला फळा दिसत नसतो, आणि त्याला चष्म्याखेरीज दुसऱ्या कशाची गरज नसते. कांहीं थोड्यांना डिस्लेक्सिया नांवाची अडचण असते. बुद्धि चांगली असूनही लिहिलेला शब्द त्यांच्या डोळ्यांपुढें सरळ उलगडत नाहीं. हा आळस नव्हे. २०१६ सालच्या दिव्यांगांच्या हक्कांविषयींच्या कायद्यांत अशा अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला आहे. अशीं चार मुलें एका बाकावर बसलेलीं असतात, आणि आपण चौघांनाही एकच पदवी देतों, 'ढ'. मुळाक्षरांतल्या एका बिचाऱ्या अक्षराला हें काम आपल्या लोकांनीं कां लाविलें कोण जाणे.

मुलाचें वाचन ऐकण्याची एक रीत न्यूझीलंडच्या मेरी क्ले या बाईंनीं घालून दिली, ती आपल्या खेड्यांतील शाळेलाही परवडणारी आहे. मूल वाचीत असतां शिक्षकानें बरोबर शब्दासाठीं एक खूण करावी, आणि चुकला तर मुलानें काय म्हटलें तेंच लिहून ठेवावें; सुधारावयास मध्यें पडूं नये. चुकीचा शब्द लिहून ठेवणें हीच यांतली खुबी. 'घर' चें 'धर' झालें कीं 'घोडा' चें 'गाढव' झालें, यावरून मूल अक्षरांत चुकलें कीं चित्र पाहून तर्क करीत आहे हें कळतें. बाईंच्या शिकविण्याच्या पद्धतीवर अलीकडे बरीच टीका झाली आहे, आणि ती मला योग्य वाटते. शब्द न वाचतां संदर्भावरून ओळखावयास लावण्यानें कच्चें मूल कच्चेंच राहतें. माझा मुलगा तरी दुसरें काय करीत होता? तथापि टीकेमुळें ऐकण्याची रीत खोटी ठरत नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. ही परीक्षा कोणासाठीं? चांगलें साधन चुकीच्या हेतूनें वापरलें म्हणजे काय होतें याचे दोन दाखले इतिहासांत आहेत.

इंग्लंडांत १८६२ सालीं रॉबर्ट लो याच्या पुढाकारानें असा नियम झाला कीं, शाळेला मिळणारी सरकारी मदत मुख्यतः प्रत्येक मुलाच्या वाचन, लेखन व गणित यांच्या परीक्षेवर अवलंबून राहावी. तपासनीस यावयाचा, मुलास वाचावयास सांगावयाचा, आणि त्यावर शिक्षकाच्या घरची चूल ठरावयाची. परिणाम काय झाला? नेमलेलें पुस्तक मुलांकडून तोंडपाठ करून घेतलें जाऊं लागलें. प्रसिद्ध कवि मॅथ्यू आर्नल्ड हा स्वतः शाळांचा तपासनीस होता. त्यानें आपल्या अहवालांतून या यांत्रिकपणावर कडक टीका केली. शतकाच्या शेवटच्या दशकांत ती पद्धत मोडली. आपल्या मुंबई इलाख्यांतही खासगी शाळांच्या अनुदानासाठीं याच धर्तीची पद्धत होती, आणि १८८२ सालच्या हंटर कमिशनपुढें तिची चर्चा झाली. माझा शेळ्या राखणारा मुलगा त्या काळच्या इंग्लंडांत जन्मला असता तर शाळेला त्यानें भरपूर अनुदान मिळवून दिलें असतें.

दुसरा दाखला आल्फ्रेड बिने या फ्रेंच पंडिताचा. १९०४ सालीं फ्रेंच सरकारनें नेमलेल्या एका मंडळावर तो होता. ज्या मुलांना सामान्य वर्गांत शिकणें जड जातें तीं ओळखून त्यांना वेगळें व अधिक शिक्षण द्यावें, या हेतूनें त्यानें सिमों या सहकाऱ्याबरोबर १९०५ सालीं आपली प्रश्नमाला तयार केली. बुद्धि ही जन्मतः ठरलेली व न वाढणारी वस्तु आहे, हें मत त्याला मुळींच मान्य नव्हतें. परंतु तो १९११ सालीं वारला, आणि तीच प्रश्नमाला अमेरिकेंत गेल्यावर कित्येकांनीं तिचा शिक्का केला. मुलाला मदत कोणती द्यावी हें विचारावयाचें सोडून, हें मूल कोणत्या प्रतीचें आहे हें ठरविण्यासाठीं ती वापरली गेली. प्रश्न तेच होते. विचारणाऱ्याचा हेतु बदलला होता.

या दोन दाखल्यांवरून कोणी म्हणेल कीं परीक्षाच नको. तें मला मान्य नाहीं. न विचारणें हें दयेचें लक्षण नव्हे. परीक्षा न घेतां मुलास वरच्या इयत्तेंत ढकलीत नेणें म्हणजे त्याचें दुखणें न पाहण्याची शपथ घेणें होय. दोष ऐकण्यांत नाहीं. ऐकलेलें कोणीकडे जातें यांत आहे. तें वर कचेरीकडे गेलें तर तो अहवाल होतो. तें मुलाकडे परत आलें तरच त्याला निदान म्हणावें. महाराष्ट्रांत २०१५ सालापासून पायाभूत चाचण्या झाल्या, २०२१ सालीं केंद्र सरकारची 'निपुण भारत' योजना आली. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलास समजून वाचतां यावें हा तिचा हेतु उत्तम आहे. परंतु चाचणीचे गुण भरून पाठविले कीं काम झालें असें मानणारे शिक्षक मला भेटले आहेत, आणि सोमवारीं त्यांनीं तोच धडा तेथूनच पुढें सुरू केला आहे.

केवळ कळण्यानें कांहीं होत नाहीं याचा पुरावा उत्तर प्रदेशांतील जौनपूर जिल्ह्यांत मिळाला आहे. तेथें २००५-०६ सालीं 'प्रथम' संस्थेनें, आणि पुढें २०१९ सालीं नोबेल पारितोषिक मिळविणारे अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह, एक प्रयोग केला. कांहीं गांवांत सभा भरवून शाळेविषयीं व लोकांच्या हक्कांविषयीं माहिती दिली. कांहीं गांवांत त्याखेरीज गांवकऱ्यांनाच मुलांचें वाचन तपासावयास शिकविलें, म्हणजे आपलीं मुलें किती मागें आहेत हें त्यांना प्रत्यक्ष दिसलें. कांहीं गांवांत याच्याही पुढें जाऊन गांवांतल्याच तरुणांना थोडें शिकवून त्यांच्याकडून वाचनाचे वर्ग चालविले. पहिल्या दोन प्रकारच्या गांवांत मुलांच्या वाचनांत फरक पडला नाहीं. तिसऱ्या प्रकारच्या गांवांत जीं मुलें त्या वर्गांना गेलीं तीं वाचावयास लागलीं. आईबापांना दुःख झालें नसेल असें नाहीं. परंतु त्या दुःखाला हात फुटले ते संध्याकाळीं अर्धाएक तास घेऊन बसणारा कोणी मिळाला तेव्हां.

शिक्षकांविषयींही असाच अनुभव आला. बिहार व उत्तराखंडांत शिक्षकांस नवीं पुस्तकें व प्रशिक्षण दिलें, तरी शाळेच्या नेहमींच्या दिवसांत फारसा फरक दिसला नाहीं. अभ्यासक्रम पुरा करण्याच्या घाईंत तें सगळें विरून गेलें. हरयाणांत मात्र रोजचा एक तास राखून ठेवला, त्या तासापुरती इयत्ता बाजूला सारली, मुलें वाचनाच्या पायरीप्रमाणें बसविलीं, आणि तें होतें कीं नाहीं यावर देखरेख ठेवली. तेव्हां वाचन सुधारलें.

येथें एक खरी अडचण आहे आणि ती मीं टाळणार नाहीं. पांचवींतला मुलगा तिसरीच्या मुलांत बसला तर त्याला लाज वाटणार नाहीं काय? वाटेल. एका मुलानें मला स्पष्ट सांगितलें, "गुरुजी, मी तिथं बसणार नाहीं, माझी धाकटी बहीण आहे तिथं." त्याचें म्हणणें मला रास्त वाटलें व मीं त्याला दुसऱ्या वेळीं बोलाविलें. मुलाचें वाचन वर्गासमोर नव्हे, एका बाजूला बसून ऐकावें. गटाला हुशार, मध्यम, कच्चा अशीं नांवें देऊं नयेत. महिन्या दीड महिन्यानें पुनः ऐकावें, आणि पायरी चढली असेल तर त्याच दिवशीं जागा बदलावी. जेथें जागा बदलत नाहीं तेथें गट म्हणजे जातच होते, आणि जात म्हणजे काय हें आपल्या वाचकांस मीं सांगावें असें नाहीं. एवढी काळजी घेऊनही थोडी लाज राहील. परंतु दुसऱ्या पारड्यांत काय आहे तेंही पाहावें. रोज पांच तास न समजणाऱ्या पुस्तकापुढें बसणें आणि कोणाला कळूं नये म्हणून ओठ हालविणें, हीही लाजच आहे. ती मूल एकटेंच सोशितें, एवढाच भेद.

शिक्षक म्हणतील, एका खोलींत चार इयत्ता आहेत, वेळ कोठून आणावा? तक्रार खोटी नाहीं. तरी एका मुलाला पांच मिनिटें धरलीं तर चाळीस मुलांचे दोनशें मिनिटें होतात, म्हणजे आठवड्याभरांत रोज चाळीस मिनिटें. शिवाय आपल्या गांवोगांवचे उपदेशक, बायबल स्त्रिया, दहावी होऊन घरीं बसलेले तरुण, यांना तो कागद घेऊन मुलाशेजारीं बसावयास पदवी लागत नाहीं.

भयाची गोष्ट मात्र वेगळी आहे. आपल्या वर्गांतील चार मुलांना वाचतां येत नाहीं असें खरें लिहून देणाऱ्या शिक्षकास नोटीस मिळत असेल आणि खोटें लिहिणाऱ्यास शाबासकी, तर सत्य कोण लिहील? त्या पापांत वरच्यांचा वांटा आहे. परंतु त्याच्या आड मला लपतां येत नाहीं. माझ्या शाळेंत आलेले साहेब सज्जन होते. मीं त्यांना खरें सांगितलें असतें तर ते कदाचित् त्या मुलाजवळ बसलेही असते. भय माझें मीच पाळलेलें होतें.

तो मुलगा पांचवींत गेला, आणि दिवाळीनंतर शाळेंत आला नाहीं. बाप ऊसतोडीला गेला होता, त्याच्याबरोबर तोही गेला असें कळलें. माझी बदली झाली. पुढें पंधरासोळा वर्षांनीं तालुक्याच्या गांवीं तलाठ्याच्या कचेरीबाहेर एका दाढीवाल्या गृहस्थानें मला हांक मारली. "गुरुजी, ओळखलंत का?" मीं ओळखलें. त्यानें खिशांतून घडी केलेला कागद काढला. सातबाराचा उतारा होता. "एवढं वाचून सांगा. आंत माणसं फार आहेत, कोणाला विचारावं?"

मीं वाचला. त्याचें नांव होतें, दोन चुलत्यांचीं नांवें होतीं, गट नंबर, क्षेत्र, पोटखराबा, सोसायटीच्या कर्जाचा बोजा. तो डोळे मिटून ऐकत होता. माझें वाचून झाल्यावर त्यानें कागदाची घडी घातली, खिशांत ठेवली, आणि मला विचारण्यासाठीं म्हणून सगळा उतारा पहिल्यापासून शेवटपर्यंत तोंडानें म्हणून दाखविला. गट नंबरासकट. एकही चूक नव्हती.

"बरोबर आहे ना, गुरुजी?" त्यानें विचारलें.